क्षेत्राला दोष, बीजाला अभय

मृगाची चाहूल लागली की विदर्भातील शेतकरी सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि काही दिवसांनी ती गुंडाळी उलगडून किती दाण्यांना कोंब आले ते मोजतो. सत्तर किंवा अधिक उगवले तर बियाणे पेरणीयोग्य. त्याहून कमी उगवले तर पेरणीचे प्रमाण वाढवावयाचे, नाही तर बियाणेच बदलावयाचे. कृषिखात्याने ही साधी रीत गावोगाव सांगितली आणि शेतकऱ्याला ती सहज पटली. शेत उगवले नाही तर जमिनीला दोष देण्यापूर्वी बियाणे पाहून घ्यावे, एवढे व्यवहारज्ञान त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

गायी-म्हशींच्या बाबतीत तर हा विवेक अधिकच काटेकोर आहे. महाराष्ट्र पशुधन विकास मंडळाच्या गोठीत रेत प्रयोगशाळा राज्यात ज्या मोजक्या ठिकाणी आहेत, त्यांत नागपूर आहे. अशा केंद्रांसाठी केंद्र सरकारने किमान मानके ठरवून दिली आहेत. वळूची क्षय, ब्रुसेलोसिस इत्यादी सांसर्गिक रोगांसाठी ठराविक काळाने तपासणी झालीच पाहिजे. रेत गोळा करण्यापूर्वी वळूची स्वच्छता झालीच पाहिजे. एका मात्रेत किमान दोन कोटी शुक्राणू असावेत, गोठवलेले रेत वितळविल्यावर त्यांतील निम्मे तरी हालते असावेत, आणि एका मिलिलिटर रेतात जिवाणूंची संख्या पाच हजारांच्या वर जाता कामा नये, असे हे नियम आहेत. रेताच्या द्रावणात जंतुनाशक प्रतिजैविके मिसळली जातात ती याच धोरणाने. रेतातील जंतू शुक्राणूंना निकामी करतात आणि गायीच्या गर्भाशयालाही अपाय करतात, ही गोष्ट पशुवैद्यकाने केव्हाच प्रमाण मानली आहे.

मात्र त्याच शेतकऱ्याच्या, किंवा त्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सुशिक्षित कर्मचाऱ्याच्या घरात सून येऊन तीन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की हा सारा विवेक उंबरठ्याबाहेर राहतो. सुनेला डॉक्टरकडे नेले जाते, सुनेचे रक्त तपासले जाते, तिच्या गर्भनलिकेत औषध सोडून क्ष-किरण चित्र काढले जाते, पोटाला छिद्र पाडून दुर्बिणीने आत पाहिले जाते. तिचे उपास, तिचे नवस, तिचे गंडेदोरे चालू होतात. मुलाचे वीर्य काचपट्टीवर ठेवून एकदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, हा विचार सर्वांत शेवटी सुचतो, आणि कित्येक घरांत तो कधीच सुचत नाही. वळूला जी तपासणी सक्तीची, ती नवऱ्याला अपमानास्पद वाटते. हा विरोधाभास हास्यास्पद खरा. परंतु त्याची किंमत एक स्त्री आयुष्यभर मोजत असल्यामुळे त्यावर हसता येत नाही.

भाषेचा पक्षपात

या पक्षपाताची मुळे आपल्या भाषेतच आहेत. ‘वांझ’ हा शब्द मराठीत स्त्रीसाठी आहे, गायीसाठी आहे, जमिनीसाठीही आहे. पुरुषासाठी तो कोणी वापरत नाही. पुरुषासाठी जे शब्द आहेत, ‘षंढ’, ‘नामर्द’, ते सारे मैथुनाच्या असमर्थतेचे आहेत. प्रजननाची असमर्थता ही त्याहून सर्वस्वी निराळी गोष्ट आहे. शरीराने धडधाकट, वैवाहिक सुखास पूर्ण समर्थ असलेल्या पुरुषाच्या वीर्यात एकही जिवंत शुक्राणू नसणे शक्य आहे, आणि वीर्याच्या रंगरूपावरून किंवा प्रमाणावरून ते ओळखता येत नाही. परंतु या स्थितीला लोकभाषेत नावच नसल्यामुळे ‘तपासणी करून घ्या’ या डॉक्टरांच्या सल्ल्याचा अर्थ ‘तुमच्या पुरुषत्वाविषयी शंका आहे’ असा लावला जातो. नवरा संतापतो आणि सासू सुनेकडे पाहते.

हा संकोच सनातन आहे असेही नाही. ज्या महाभारताचे दाखले आपण उठल्याबसल्या देतो, त्यातील कुरुवंशाची सारी कथा पुरुषांच्या अनपत्यतेवर उभी आहे. विचित्रवीर्य निपुत्रिक वारला म्हणून व्यासांना पाचारण करावे लागले, आणि पांडूला शाप होता म्हणून कुंतीला देवांना आवाहन करावे लागले. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शुक्राचे दोष सांगताना ‘पूतिपूय’ म्हणजे दुर्गंधीयुक्त, पुवासारख्या शुक्राचाही निर्देश आहे. शुक्र नासू शकते आणि नासलेल्या शुक्रापासून संतती होत नाही, हे आपल्या प्राचीन वैद्यांनी सूक्ष्मदर्शकाशिवाय ओळखले होते. मधल्या काळात त्यांच्या वारसांनी वीर्याला एवढे पावित्र्य चिकटवले, की त्यात काही दोष असू शकतो असे म्हणणेच पाप ठरले.

या मौनाविरुद्ध महाराष्ट्रात पहिला आवाज उठविला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू करून गुप्तरोगांसह साऱ्या वर्ज्य विषयांवर लिहिले. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरीही दंड झालाच. आज असे लिहिणाऱ्यावर कोणी खटला भरणार नाही हे खरे. परंतु घरातले मौन बव्हंशी जेथे होते तेथेच आहे.

जंतू नेमके काय करतात?

जंतू आणि शुक्राणू यांचा वैज्ञानिक इतिहासही एकाच भिंगाखाली सुरू झाला, हा एक विलक्षण योग म्हणावा लागेल. १६७७ साली हॉलंडमध्ये जोहान हॅम या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने परम्याच्या रोग्याचे वीर्य लेव्हेनहूक यांच्याकडे आणले. त्यात वळवळणारे सूक्ष्म जीव दिसत होते, आणि ते त्या रोगातूनच उपजले असावेत असे हॅम यांना वाटले. लेव्हेनहूक यांनी निरोगी वीर्य तपासून ते तेथेही असल्याचे दाखविले. हेच शुक्राणू. म्हणजे मानवाला शुक्राणूंचे प्रथम दर्शन घडले ते एका संसर्गग्रस्त रुग्णाच्या वीर्यात!

शुक्राणूची घडण पाहिली म्हणजे तो संसर्गापुढे इतका दुबळा का, हे ध्यानात येते. डोक्यात पित्याच्या आनुवंशिक द्रव्याची घट्ट गाठोडी, मध्ये शक्ती पुरविणारा लहानसा भाग आणि मागे लांब शेपटी, एवढाच त्याचा संसार. वजन कमी ठेवण्यासाठी पेशीतील इतर बहुतेक सामग्री त्याने टाकून दिलेली असते, आणि तिच्याबरोबर दुरुस्तीची साधनेही गेलेली असतात. त्याचे आवरण ज्या स्निग्ध द्रव्यांचे बनलेले असते, ती ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील कणांनी चटकन बिघडतात.

मूत्रमार्ग, प्रोस्टेट ग्रंथी, शुक्राशय किंवा वृषणाला लागून असलेली अधिवृषण नलिका यांत जंतूंचा शिरकाव झाला, की या दुबळ्या प्रवाशावर अनेक बाजूंनी आघात होतो. आतड्यात राहणारा आणि मूत्रसंसर्गात नेहमी सापडणारा ई. कोलाय हा जंतू शुक्राणूंना प्रत्यक्ष चिकटतो. शुक्राणूंचे झुबके बनतात आणि त्यांची पुढे जाण्याची गती मंदावते. दुसरा आघात स्वकीयांचा असतो. जंतूंशी लढावयास धावून आलेल्या पांढऱ्या पेशी जे ऑक्सिजनचे दाहक कण सोडतात, त्यांत शत्रूबरोबर शुक्राणूही होरपळतात. आवरण बिघडते आणि डोक्यातील आनुवंशिक द्रव्याचे धागे तुटतात. म्हणूनच वीर्याच्या एका मिलिलिटरात अशा पांढऱ्या पेशी दहा लाखांहून अधिक आढळल्या तर दाहाची शंका घेतली जाते. तिसरा आघात ग्रंथींवर होतो. ज्या स्रावांवर शुक्राणूंचे पोषण आणि वीर्याचे पातळ होणे अवलंबून असते, ते स्रावच बदलतात. आणि चौथा, सर्वांत घातक आघात म्हणजे वाट बुजणे. परमा, क्लॅमिडिया किंवा क्षय यांनी अधिवृषणात व्रण पडून भरले, की ती केसासारखी नलिका कायमची बंद होऊ शकते. मग वृषणात शुक्राणू तयार होत असूनही वीर्यात एकही उतरत नाही. क्षयरोग अद्याप घराघरांत असलेल्या आपल्या देशात ही शेवटची शक्यता डॉक्टरांनी विसरता कामा नये.

पुरुषाच्या वंध्यत्वाची कारणे अर्थातच अनेक आहेत: वृषणाच्या शिरा फुगणे, संप्रेरकांचे दोष, जन्मजात व्यंगे, भट्टीच्या उष्णतेत चालणारे काम, आणि आपल्या भागात घरोघरी पोचलेल्या खर्ऱ्यातील तंबाखू. अनेकदा कारण सापडतही नाही. संसर्गाचा वाटा शंभरात पंधराच्या आसपास असावा, असा अंदाज वैद्यकीय ग्रंथांत आढळतो. हा वाटा लहान वाटेल. परंतु ज्या थोड्या कारणांवर औषधाने इलाज होऊ शकतो आणि ज्यांना मुळातच प्रतिबंध करता येतो, त्यांत हे कारण मोडते. टाळता येण्याजोगे दुःख न टाळणे हा दैवाचा भाग नसून केवळ हयगयीचा आहे.

मुका रोग, बोलका आरोप

या प्रकरणातील सर्वांत क्रूर भाग पुढेच आहे. क्लॅमिडियासारखा संसर्ग कित्येक पुरुषांत कसलेही लक्षण दाखवीत नाही. जळजळ नाही, स्राव नाही, ताप नाही. पुरुष स्वतःला ठणठणीत समजतो आणि तोच संसर्ग पत्नीकडे पोचतो. तिच्या शरीरात तो गर्भाशयातून वर चढतो, गर्भनलिकांना सूज आणतो आणि त्या बुजवतो. पुढे तपासणीत तिच्या नलिका बंद असल्याचे निघते, आणि ‘दोष सुनेतच होता’ यावर शास्त्राचे शिक्कामोर्तब होते! संसर्ग आला कोठून, हा प्रश्न त्या कागदावर कोठेच नसतो.

स्त्रियांच्या या मुक्या दुखण्यांची जगाला जाणीव करून देण्याचा मान विदर्भाकडेच जातो. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना जननेंद्रियांचा एक किंवा अधिक विकार होता, आणि अशी तपासणी पूर्वी कधी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. त्या विकारांत संसर्गाचा वाटा मोठा होता. स्त्रीचे आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण आणि कुटुंबनियोजन नव्हे, हे या अभ्यासाने धोरणकर्त्यांना विचारात घ्यावयास लावले.

तथापि या अभ्यासाचे एक साधे तात्पर्य आपण अजून गिरवलेले नाही. लैंगिक संसर्गाला दोन टोके असतात. एका टोकाला औषध देऊन दुसरे तसेच सोडले, तर बरी झालेली पत्नी त्याच घरात पुन्हा आजारी पडते. नागपुरात स्त्रियांसाठी डागा स्मृती रुग्णालयासारखे स्वतंत्र शासकीय रुग्णालय आहे, ही समाधानाचीच गोष्ट. परंतु अपत्यासाठी आलेल्या स्त्रीबरोबरचा नवरा बाहेरच्या बाकावर बसून राहतो. त्याने कोणाकडे जावे? त्वचा-गुप्तरोग विभागात जाण्याची त्याला लाज वाटते, आणि स्त्रीरोग विभागात त्याला जागा नसते. तो मग रस्त्यावर येतो. आणि तेथे त्याची वाट पाहणारे पुष्कळ असतात.

प्रत्येक जंतू गुन्हेगार नव्हे

रेल्वे स्थानकाजवळच्या आणि महामार्गावरच्या भिंती ज्यांच्या जाहिरातींनी रंगलेल्या असतात, ती ‘गुप्तरोग-तज्ज्ञ’ मंडळी या संकोचावरच पोसली जातात. ‘धातू जाणे’ या भयगंडाचा बाजार मोठा आहे. रक्ताच्या इतक्या थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो हे अशास्त्रीय गणित सांगून तरुणांना घाबरवावयाचे आणि महागड्या पुड्या विकावयाच्या, असा हा व्यवसाय. खरा संसर्ग असलेला रोगी तेथे महिनोन्महिने घालवतो आणि त्या अवधीत नलिका बुजून जाते.

परंतु दोष केवळ भोंदूंचा नाही. पदवीधरांच्या हातूनही येथे उतावीळपणा घडतो. वीर्य हा निर्जंतुक द्रव नव्हे. निरोगी, लेकुरवाळ्या पुरुषांच्या वीर्यातही नाना प्रकारचे जिवाणू सापडतात; काही मूत्रमार्गाच्या टोकाचे, काही त्वचेचे, तर काही नमुना देताना हातावरून आलेले. लॅक्टोबॅसिलस गटातील जिवाणू चांगल्या प्रतीच्या वीर्याबरोबर आढळल्याचेही काही अभ्यासांत दिसले आहे. तेव्हा अहवालात ‘जिवाणूंची वाढ आढळली’ एवढी ओळ पाहताच प्रतिजैविकांची यादी लिहून देणे हे शास्त्र नव्हे. कोणता जंतू, किती संख्येने, सोबत पांढऱ्या पेशी आहेत काय, लक्षणे कोणती, या सर्वांचा एकत्र विचार झाला पाहिजे. नमुना देण्यापूर्वी लघवी करून, हात व इंद्रिय धुऊन कोरडे करून, निर्जंतुक डबीत तो घ्यावा आणि तासाभराच्या आत तपासला जावा, एवढी साधी शिस्तही पुष्कळ ठिकाणी रुग्णाला कोणी समजावून सांगत नाही.

औषधाने काय साधते याविषयीही प्रामाणिक असले पाहिजे. योग्य प्रतिजैविकाने संसर्ग जातो, पुष्कळांच्या वीर्याची प्रत सुधारते. परंतु त्यामुळे अपत्य होईलच अशी हमी शास्त्र देत नाही, आणि बुजलेली नलिका गोळ्यांनी उघडत नाही. शिवाय शुक्राणू तयार होण्यास सत्तर-पंचाहत्तर दिवस लागतात. त्यामुळे उपचाराचा गुण पंधरा दिवसांत शोधणे व्यर्थ असते; तीन महिन्यांनी फेरतपासणी करणे युक्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमावलीतील मिलिलिटरला एक कोटी साठ लाख शुक्राणूंचा आकडा ही पास-नापासाची रेषा नव्हे. त्याहून कमी संख्या असलेले पुरुषही पिता झाले आहेत. म्हणून एका अहवालावरून कोणाच्या कपाळी शिक्का मारू नये. जो अन्याय स्त्रीवर झाला, तोच पुरुषावर करून न्याय होत नसतो.

काय करावयास हवे?

संततिहीन जोडप्यांपैकी सुमारे निम्म्या ठिकाणी पुरुषाचा पूर्ण किंवा अंशतः वाटा असतो, हे वैद्यकाला मान्य आहे. ते मान्य असेल तर आपल्या व्यवस्थेतही उमटले पाहिजे. पतीची वीर्यतपासणी झाल्याखेरीज पत्नीवर दुर्बिणीची वा अन्य शरीरभेदक तपासणी करावयाची नाही, असा दंडक शासकीय व खासगी रुग्णालयांनी स्वतःवर घालून घ्यावा. वीर्यतपासणीस ना सुई लागते, ना भूल; खर्चही त्या मानाने किरकोळ. नागपुरात मेडिकल, मेयो, डागा आणि एम्स या संस्थांनी याचा प्रारंभ केला, तर विदर्भातील जिल्हा रुग्णालये त्यांचे अनुकरण करतील. तेथे मानकांनुसार तपासणी करणारे प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि नमुना देण्यासाठी खासगी, स्वच्छ खोली हवी. सार्वजनिक शौचालयात डबी घेऊन जाण्याची वेळ आलेला पुरुष दुसऱ्यांदा येत नाही.

लैंगिक संसर्गावर पती-पत्नींना एकाच वेळी, एकाच छताखाली उपचार मिळावेत. शासनाची ‘सुरक्षा क्लिनिक’ त्यासाठी आहेत. तेथवर पुरुषांनी निःसंकोच जावे असा प्रचार व्हावयास हवा. आणि शाळा-महाविद्यालयांतून मुलांना हे सांगितले पाहिजे, की लघवीची जळजळ, स्राव किंवा वृषणाची सूज लपविणे म्हणजे भावी संसाराच्या मुळावर घाव घालणे होय.

हे न केल्यास काय होईल, याची चुणूक आजच दिसत आहे. २०२१ साली संसदेने सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचे नियमन करणारा कायदा केला, तो शहरोशहरी वाढलेल्या केंद्रांकडे पाहूनच. १९९२ मध्ये बेल्जियममधील डॉक्टरांनी एकच शुक्राणू सुईने बीजांडात सोडून गर्भधारणा साधल्याचे प्रसिद्ध केले. अनेकांना वरदान ठरलेले हे तंत्र थोर खरेच. परंतु त्यात वीर्य सदोष पतीचे असते, आणि संप्रेरकांची इंजेक्शने व बीजांडे काढण्याची सुई सोसावी लागते ती निर्दोष पत्नीला. जेथे अन्य मार्ग नाही तेथे ती हे आनंदाने सोसते. परंतु जेथे पतीची वेळीच तपासणी आणि थोडे औषध पुरेसे ठरले असते, तेथेही तिला त्या टेबलावर झोपविणे हा जुन्या नवसाचाच नवा आणि महागडा अवतार म्हणावा लागेल.

जमिनीला नावे ठेवण्यापूर्वी मूठभर दाणे ओल्या गोणपाटात बांधून पाहण्याचा शहाणपणा या मातीतील शेतकऱ्याजवळ आहे. तो त्याने शेतातून घरात आणावा, एवढीच मागणी आहे. ज्या दिवशी डॉक्टरांकडे जाण्यासाठी निघालेल्या सुनेला सासूच म्हणेल, ‘थांब, आधी त्याला जाऊन येऊ दे,’ त्या दिवशी विदर्भातील कितीतरी घरांत पाळणा हलेल. आणि जेथे तो हलणार नाही, तेथेही निदान एका निरपराध स्त्रीच्या पदरी वांझपणाचा शब्द पडणार नाही.